चक्कर येण्याची रंगीत तालीम

साथ सुरू झाली त्याच आठवड्यात पायलटच्या बायकोने त्याची गादी, उशी आणि दाढीचं सामान गॅलरीत नेऊन ठेवलं आणि मधल्या दाराला आतून कडी घातली. पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. तो हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवायचा, पण अशी चालवायचा, की मागे बसलेल्या नातेवाइकांना आपली चाकं अजून जमिनीला टेकलेली आहेत याची खात्री वाटत नसे. दिवसभर तो आजारी माणसांची ने-आण करायचा आणि घरात लहान लेक आणि दम्याच्या सासूबाई होत्या, त्यामुळे बायकोचा निर्णय त्यालाही पटला होता. तो इतके महिने चालेल असं मात्र दोघांनाही वाटलं नव्हतं.

गॅलरीला बाहेरून जिना होता आणि आतून स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीतून भरलेलं ताट बाहेर यायचं आणि घासलेलं ताट आत जायचं. संध्याकाळी लेक काचेच्या पलीकडे सापशिडीचा पट मांडून बसायची. बाबांचा फासा तीच टाकायची, बाबांची सोंगटीही तीच हलवायची, आणि बाबा रोज न चुकता सगळ्यात लांब सापाच्या तोंडी जायचे.

"बाबा, तुमचं नशीबच खराब आहे," ती काचेला नाक लावून सांगायची. पायलटलाही ते हळूहळू पटायला लागलं होतं. त्याला तिची वेणी एकदा ओढायची होती, बस. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस इतका झुरू शकतो हे त्याला गॅलरीत आल्यावर कळलं.

अशात बातमी आली. नवी लस येणार होती आणि पहिल्या फेरीत ती हॉस्पिटलातल्याच माणसांना मिळणार होती.

"दंडात सुई गेली की मी दार उघडते," बायको खिडकीतून म्हणाली. "मास्क काढायचा नाही, पण दार उघडते."

"नक्की?"

"मी कधी शब्द फिरवलाय?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "या एकदाचे आत, जावईबापू. माळा आवरायचा राहिलाय."

"आई, त्यांना कुठे चढवतेस माळ्यावर," बायको कळवळून म्हणाली. "उंचीची चक्कर आहे ना त्यांना."

पायलटला उंचीची चक्कर आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर माळ्याचा विषय पहिल्यांदा निघाला, त्या दिवसापासून ती होती. त्यामुळे माळ्यावर बायको चढायची, खाली शिडी सासूबाई धरायच्या, आणि पायलट खुर्चीत बसून साखरपाणी प्यायचा.

इकडे हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी तयारी सुरू केली. मोठे डॉक्टर कुठलंही काम तालमीशिवाय करत नसत. मागे एका कारकुनाच्या निरोप समारंभाचीही त्यांनी तालीम घेतली होती, आणि त्या बिचाऱ्याला दोन वेळा रडावं लागलं होतं. तेव्हा लसीची तालीम होणार हे ठरलेलंच होतं. लस नाही, सुई नाही, बाकी सगळं खऱ्यासारखं करायचं. रांग लावायची, दंड उघडा करायचा, कापूस दाबायचा, वर चिकटपट्टी लावायची आणि अर्धा तास खुर्चीत बसून राहायचं.

"आणि एकाला चक्कर येईल," मोठे डॉक्टर म्हणाले. "म्हणजे स्ट्रेचर किती वेळात येतं ते कळेल. कोणाला येईल?"

कोणीच पुढे येईना. कंपाउंडर म्हणाला, "मला हसू येईल, साहेब." लाँड्रीवाला म्हणाला, "माझी कंबर धरलीय. मी पडलो तर पडूनच राहीन."

"मला जमेल," पायलट म्हणाला.

मोठ्या सिस्टरांनी त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. वॉर्डातले पेशंट त्यांच्या नुसत्या नजरेने बरे होतात असं म्हणत. "पूर्वी कधी केलंय?"

"घरगुती," पायलट विनयाने म्हणाला.

आणि त्याने खरोखरच कमाल केली. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने डावा हात कपाळाला लावला. डोळे अर्धवट मिटले. "जरा पाणी," असं तो इतक्या क्षीण आवाजात म्हणाला, की शेजारी बसलेली आया खरंच पाणी आणायला धावली. मग तो हलकेच एका बाजूला कलला आणि फरशीवर आडवा झाला. स्ट्रेचर आलं, त्याची चाकं दारात अडकली, मोठे डॉक्टर ओरडले, पायलट मास्कच्या आतही जिभेचं टोक बाहेर काढून पडून राहिला. उठल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, आपलं आयुष्य उगाच गाडीत गेलं.

स्ट्रेचर कुठे अडकतं ते नंतर बघता यावं म्हणून एक्स-रेवाल्याला मोबाइलवर सगळं टिपून ठेवायला सांगितलं होतं. त्याने ते इमानेइतबारे टिपलं आणि हॉस्पिटलच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'लसीचा पहिला मानकरी, आपला पायलट.' ती तालीम आहे हे ग्रुपवर सगळ्यांना माहीतच होतं, म्हणून ते त्याने लिहिलं नाही. मग आयाने तो व्हिडिओ कौतुकाने बहिणीला पाठवला, बहिणीने काळजीने नणंदेला, आणि नणंदेने कसलाही विचार न करता सगळ्यांना.

दुपारपर्यंत हॉस्पिटलातले फोन वाजायला लागले. लाँड्रीवाल्याच्या आईने त्याला सांगितलं, "तू आधीच अशक्त आहेस, तू सगळ्यात शेवटी घे." कंपाउंडरच्या सासऱ्यांनी सांगितलं, "आमच्या मुलीचा विचार करा." स्वयंपाकघरातल्या दोघी रजेचे अर्ज घेऊन आल्या. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी स्वतः खुलासा लिहिला. त्यात त्यांनी 'घाबरण्याचे अजिबात कारण नाही' असं ठळक अक्षरांत टाकलं, आणि तोवर जे घाबरले नव्हते तेही घाबरले.

पायलट संध्याकाळी शीळ घालत जिना चढला. खिडकी बंद होती. काचेपलीकडे बायको मोबाइल हातात धरून उभी होती आणि तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"कसं वाटतंय आता?" तिने खिडकी जराशी उघडून विचारलं.

"मस्त. का?"

"वहिनीने पाठवलाय मला. सगळं बघितलंय मी. लपवू नका."

"अगं, ती तालीम होती. लस अजून यायचीय. खोटं खोटं पडलो मी."

"माझी शपथ घालते, ती लस घ्यायची नाही."

"लसच नव्हती त्यात."

"मग पट्टी कशाला लावली दंडाला?"

पायलटने दंडाकडे पाहिलं. चिकटपट्टी अजून तिथेच होती. "तीसुद्धा तालमीची," तो म्हणाला, आणि हे उत्तर आपल्यालाही पटण्यासारखं नाही हे त्याला जाणवलं.

"नुसत्या तालमीत हे होतं, तर खऱ्या सुईने काय होईल?" सासूबाई आतून म्हणाल्या. हा प्रश्न कुठून धरावा तेच पायलटला कळेना.

"बरं," तो शेवटी म्हणाला, "लस घेत नाही. मग दार उघडतेस?"

"लस घेतल्याशिवाय?" बायकोने डोळे पुसले. "दम्याची आई आहे घरात. कसं उघडू?"

"म्हणजे लस घ्यायची नाही आणि लस घेतल्याशिवाय आत यायचं नाही. मी करू काय?"

"मी विचार करतेय," बायको म्हणाली आणि तिने ताट सरकवलं. त्या दिवशी सापशिडीसुद्धा झाली नाही. लेकीने काचेला हात टेकवला आणि बाबांना बरं नसल्यामुळे आज फासा टाकणार नाही असं गंभीरपणे सांगितलं. पायलटने ताट न जेवताच परत आत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं. लस उद्यावर आली होती आणि रांग निम्मी झाली होती. "पायलट, तुम्ही पडलात, आता तुम्हीच सगळ्यांना उभं करा. उद्या पहिली लस तुम्ही घ्या आणि अर्धा तास ताठ बसून दाखवा."

"साहेब, बायको नाही म्हणते."

मोठे डॉक्टर काहीतरी कडक बोलणार होते. पण ते स्वतः विवाहित असल्यामुळे गप्प बसले.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "त्यांना पटवून द्या की पडणं खोटं होतं. पडलात तुम्ही. खोटं कुठे होतं ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

पायलट रुग्णवाहिकेत जाऊन बसला आणि त्याने मोबाइलवर स्वतःचं पडणं पुन्हा पुन्हा पाहिलं. नवव्या-दहाव्या वेळेला त्याला ते दिसलं. तो इतका खूश झाला, की पुढच्या फेरीहून परतताना त्याने रिकामी गाडी सायरन लावून आणली.

संध्याकाळी त्याने खिडकीबाहेरून मोबाइल काचेला टेकवला. पलीकडे बायको, सासूबाई आणि लेक अशा तिघी उभ्या राहिल्या.

"आता नीट बघा," तो म्हणाला. "हा मी कपाळाला हात लावला. हे डोळे मिटले. आणि आता पडायच्या आधी बघा, मी काय करतो ते."

व्हिडिओतल्या पायलटने शांतपणे चष्मा काढला, त्याची घडी घातली, तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, खिसा एकदा थोपटला, आणि मग तो बेशुद्ध पडला.

"सांगा मला," खिडकीबाहेरचा पायलट विजयी स्वरात म्हणाला, "खरी चक्कर आलेला माणूस आधी चष्मा काढून खिशात ठेवेल का? चष्मा फुटू नये एवढी ज्याला शुद्ध आहे, त्याला चक्कर कसली? शंभर टक्के सोंग आहे हे. आंधळ्यालाही कळेल."

बायको मोबाइलकडे बघत होती. मग तिने पायलटच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. मग तिची नजर सावकाश वर गेली, स्वयंपाकघराच्या माळ्याकडे.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"माळ्याखाली चक्कर येते तेव्हाही तुम्ही चष्मा काढून ठेवता."

पायलटने मोबाइल काचेवरून खाली घेतला.

"आणि खिसाही थोपटता," सासूबाई म्हणाल्या. "दरवेळी शिडी मी धरते, जावईबापू. मला दम लागतो. तुम्हाला साखरपाणीही मीच देते."

"बाबा, तुम्ही खोटं खोटं पडता?" लेकीने विचारलं, आणि तिच्या आवाजात शुद्ध कौतुक होतं.

पायलटचा डावा हात आपोआप कपाळाकडे निघाला होता. तो त्याने वाटेतच थांबवला.

"उद्या लस घ्या," बायको म्हणाली. "आणि लगेच घरी या." तिने खिडकी लावून घेतली. इतक्या महिन्यांत ती खिडकी एवढ्या सावकाश कधी लागली नव्हती, आणि पायलटला ते काही चांगलं लक्षण वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पायलट रांगेत पहिला होता. सुई गेली तेव्हा मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही. तो खुर्चीत ताठ बसला. समोर सगळं हॉस्पिटल डोळे लावून उभं होतं. मास्कमुळे थोड्या वेळाने त्याच्या चष्म्यावर वाफ धरली आणि पुसण्यासाठी त्याने हात वर नेला, तशी सगळी रांग दोन पावलं मागे सरकली.

"चष्म्याला हात लावायचा नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. उरलेला वेळ पायलटने धुक्यात काढला. पण तो पडला नाही, आणि अर्ध्या तासाने तो आपल्या पायांनी उठून दारापर्यंत गेला तेव्हा लाँड्रीवाल्याने बाही वर केली. त्याच्या मागे कंपाउंडर उभा राहिला. स्वयंपाकघरातल्या दोघी रजेचे अर्ज परत मागायला गेल्या.

घरी मधलं दार सताड उघडं होतं. पायलट उंबऱ्यावर थबकला. लेक धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली, त्याने तिची वेणी ओढली, ती "आई गं" म्हणाली, आणि पायलटला पुढचं काही दिसेना. चष्मा धुकटला होता एवढंच त्याने सगळ्यांना सांगितलं. डोळे पुसून त्याने पाहिलं, तर स्वयंपाकघरात माळ्याला शिडी लावलेली होती. शिडीच्या पायथ्याशी सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि साखरपाणी पीत होत्या.

"आधी जेवून घ्या," बायको म्हणाली. "पळून नाही जात माळा."

जेवण झाल्यावर पायलट उठला. त्याने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याला आतून एकदम हुडहुडी भरली. हातपाय जड झाले. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं होतं, एखादा दिवस ताप येईल, अंग मोडून येईल, घाबरू नका. त्याने डावा हात कपाळाला लावला. आणि इतक्या वर्षांची सवय, दुसऱ्या हाताने चष्मा काढला.

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. लेक टाळ्या पिटत म्हणाली, "आता पडतील."

"अगं, खरंच गं," पायलट म्हणाला. "आईशप्पथ, लसीमुळे या वेळी खरंच बरं वाटत नाहीये." आपण बोललेल्या खऱ्याला घरात काडीची किंमत उरलेली नाही हे त्याला बोलतानाच कळत होतं.

बायको जवळ आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खात्री करून घ्यायला तळवा त्याच्या कपाळावर ठेवला. गॅलरीत गेल्यापासून तिने त्याला पहिल्यांदाच हात लावला होता. पायलटने डोळे मिटले. अशा हातासाठी तो गावभरचे माळे आवरायला तयार होता, पण हे बोलून दाखवण्याइतका ताप त्याला अजून चढला नव्हता.

"आहे हो ताप," बायको हळूच म्हणाली. हात तिने लगेच काढला नाही.

तिने त्याला आतल्या पलंगावर झोपवलं आणि अंगावर पांघरूण घातलं. मग त्याच्या मुठीतला चष्मा तिने सोडवून घेतला, त्याची घडी घातली, आणि आपल्या कपाटाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

"अगं, उद्या लागेल मला तो."

"उद्या मिळेल," ती म्हणाली. "माळ्यावर."