नेक्स्ट स्लाईड

मी आज जो काही आहे तो हवालदार यशवंतआबांमुळे आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुमचा त्यांच्याबद्दल गैरसमज होईल.

आबा माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरचे शेजारी. फौजेत ते कारकून होते. तिथे साहेबांसाठी स्लाईडी बनवता बनवता तो नाद अंगात मुरला. निवृत्त होऊन आले ते लॅपटॉप घेऊनच. नकोसा विषय निघाला की ते म्हणतात, "नेक्स्ट स्लाईड."

"आवं, दळण आणाय सांगितलं हुतं न्हवं?" त्यांच्या पत्नी सरूकाकी विचारतात.

"नेक्स्ट स्लाईड."

"त्या स्लाईडीवर भाकरी थापू का आता?"

माझी बारावी झाली तेव्हा वडील मला मेंढरांमागे नेणार होते. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. एका संध्याकाळी आबा लॅपटॉप काखेत मारून आले, तो बाजेवर मांडला आणि वडिलांना मुलाच्या शिक्षणाचे फायदे दाखवू लागले. वडिलांनी मध्येच तोडलं, "ह्यो गेल्यावर मेंढरं कोण राखणार?"

आबांनी बटण दाबलं. पुढच्या स्लाईडवर मोठ्या अक्षरांत हाच प्रश्न होता. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी तो वाचून दाखवला. ते चक्रावून गेले. "ह्याला आदीच कसं कळलं?"

आबांनी पुन्हा बटण दाबलं. आता त्यांचा स्वतःचा फोटो होता, डोक्याला मुंडासं, हातात काठी. खाली एकच अक्षर: मी.

आणि त्यांनी खरंच राखली. मेंढरं आबांच्या हुकुमाला जुमानत नव्हती, रोज कुणाच्या तरी मटकीत शिरायची, वडील कपाळाला हात लावायचे. पण मी पदवीधर झालो आणि सांगलीला एका कॉलेजच्या संगणक विभागात लागलो.

मध्यंतरी आबांचा फोन आला. "गड्या, स्लाईडींचा व्हिडिओ कसा करत्यात रं?"

"व्हिडिओ कशाला, आबा? स्लाईडी चांगल्या आहेत की."

"तुझी काकी बोट लावती आन् पाच स्लाईडी एकदम पळत्यात. व्हिडिओ आपला आपण चालतोय."

"पण काकींना काय दाखवायचंय?"

"नेक्स्ट स्लाईड."

फाईल आली. नाव होतं 'घर चालवणे'. विहिरीची मोटर, गॅसची टाकी, शेळीचं औषध, सगळ्याचे फोटो. मला काहीच उमगेना. त्या घरात काकी कित्येक वर्षं राहतात. मोटर, टाकी, औषध हे आबांचं खातं होतं खरं, पण आबा तिथेच तर होते. तरी मी व्हिडिओ करून पाठवला.

"लय पळतंय रं," आबा म्हणाले. "मोटर म्हणूस्तवर टाकी येती."

मी त्यांना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायला शिकवलं. म्हटलं, "जी स्लाईड जेवढा वेळ हवी, तेवढा वेळ थांबा. मग बटण दाबा."

हुकूम मिळाल्यासारखे ते "जी" म्हणाले.

नवी फाईल उघडली तर मोटरच्या स्लाईडवर ती अडकलीच. "आता उठ आन् मोटर चालू करून ये," एवढं बोलून आबा गप्प. मला वाटलं, फाईल बिघडली. पुन्हा लावली, आवाज वाढवला. तेव्हा चपला वाजत लांब जाताना ऐकू आल्या. मग शेळी ओरडली. मग खूप लांबून मोटरची घरघर. मी थांबा म्हटलं म्हणून आबा विहिरीवर जाऊन, मोटर चालू करून परत येत होते. काकींना जायला-यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा त्यांनी व्हिडिओत धरला होता.

मी एकटाच हसत बसलो. चपला जवळ आल्या. पण आबांचा आवाज येईना. नुसती धाप ऐकू येत होती, बराच वेळ. मग कसंबसं, "नेक्स्ट स्लाईड."

मी लगेच फोन लावला. "आबा, ही धाप कसली?"

"नेक्स्ट स्लाईड."

"आबा."

मग आवाज बारीक करून ते म्हणाले, "छातीचं आपरेशन हाय, मिरजेला. काय सांगावं बाबा. तिला वाचाय येत न्हाई, तवा हे केलं."

"काकींना आपरेशनचं सांगितलंय?"

"न्हाई. नेक्स्ट स्लाईड," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फोनवर त्यांच्याशी कुणाचं चालत नाही. म्हणून मी पेन ड्राईव्हसोबत कागदावर लिहून पाठवलं:

ती. आबा, साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ तयार आहे. तुमचे सगळे थांबे जसेच्या तसे ठेवलेत, चपलांच्या आवाजासकट. धापही काढली नाही. काकींना ती ऐकू येणारच, म्हणून त्याआधी आपरेशनचं तुम्ही तोंडानं सांगा. त्याची स्लाईड होत नाही.

तुम्हाला न विचारता शेवटी दोन स्लाईडी वाढवल्यात. पहिलीवर प्रश्न आहे: आबा परत येईपर्यंत काकींजवळ कोण राहणार? दुसरीवर माझा फोटो आहे, हातात पाना घेतलेला. खाली एकच अक्षर लिहिलंय. काकींना ते वाचून दाखवा.

रजा मंजूर झाली आहे. मला मोटरीतलं काही कळत नाही, पण तुम्हाला तरी मेंढरांतलं कुठे कळत होतं?