हुसेनचाचांची कंबर

हुसेनचाचा आधी कमरेची ओळख करून देत, मग स्वतःची. दवाखान्याच्या पायरीवर कुणी अनोळखी दिसला की म्हणत, "या पावणं. ही माझी कंबर. बारा वर्सं झाली, दुखतीया. मी हुसेन. खोगीर शिवतो."

मी तेव्हा कोल्हापुरात एका डॉक्टरसाहेबांकडे कंपाउंडर होतो. महाराजांना घोड्यांचा शौक, पागा भरलेली, त्यामुळे खोगीर शिवणाऱ्यांना उसंत नव्हती. चाचा गुडघ्यांत कातडं दाबून दिवसभर वाकून दाभण मारत. एक दिवस वाकले ते तसेच राहिले. रस्त्यानं चालताना ते काही हरवलेलं शोधताहेत असं वाटे, आणि दोनचार भले लोक खरोखरच त्यांच्याबरोबर शोधू लागत.

उपाय सगळे झाले होते. विटेचा शेक, निरगुडीचा पाला, बिब्ब्याचे चटके, पिराचा अंगारा. नृसिंहवाडीच्या संगमावर अंघोळसुद्धा करून आले होते.

"चाचा, तुम्ही वाडीला?" मी विचारलं.

"मी कुठं गेलतो? कंबर गेलती. कंबरंला कसली आलीया जात?"

अशात आमचे डॉक्टरसाहेब मुंबईहून नवी विद्या शिकून आले. कापाकापी नाही, काही नाही. कण्याच्या बाजूला सुईनं औषध सोडायचं. आठवड्याला एक, अशा चार सुया. प्लेगच्या सुईचं नाव काढलं तरी अर्धा गाव शेतात पळायचा तो काळ. चाचाही पळतील, असं मला वाटलं. पण चाचांचा आक्षेप वेगळाच निघाला. तो कारागिराचा होता. उकळून काढलेली सुई त्यांनी खिडकीच्या उजेडात निरखून पाहिली.

"टोक झ्याक हाय साहेब. पर हिला नेढं कुठाय?"

"नेढं नसतं. ही पोकळ असते."

"मग दोरा?"

"दोरा नाही घालायचा. औषध घालायचं."

चाचांचा चेहरा पडला. "टाकाच घालायचा न्हाय, तर भोक कशाला पाडायचं?"

याला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. साहेब पंधरा मिनिटं समजावत होते आणि चाचा त्यांच्याकडे कच्च्या शिकाऊ उमेदवाराकडे पाहावं तसे पाहत होते. शेवटी अटीवर तयार झाले. खोगिरावर खडूची खूण केल्याशिवाय दाभण मारत नाहीत, तेव्हा इथंही खुणेवरच टोचायचं. शुक्रवारी सदरा वर केला, तर कमरेवर खडूची ठसठशीत फुली.

"जैनबनं केलीया. कुठं दुखतं ते माझ्यापरीस तिला जास्त ठावं."

जैनब म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली, चाचांनीच वाढवली. दिली होती कसबा बावड्याला. माहेर इतकं जवळ, म्हणूनच सासू कडक. हाकेवर आहे म्हणून ऊठसूट पळायचं नाही. सवलत एकच: दर शुक्रवारी बापाची कंबर शेकायला जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं.

साहेबांनी फुली पुसली, बोटभर खाली सुई टोचली आणि चाचांना काही सांगितलं नाही.

चार सुया झाल्या आणि चाचा बेपत्ता. पंधरा दिवस फिरकले नाहीत. मला काळजी वाटली. दुकानात जाऊन पाहतो तर चाचा स्टुलावर ताठ उभे राहून आढ्याच्या खुंटीवरून खोगीर उतरवत होते. मला पाहताच खाली उतरले आणि घाईनं वाकले.

"या अल्ला!"

"चाचा, मी पाहिलं."

चाचांनी दार लोटलं. "दुखत न्हाय रं. चौथ्या सुईपासनं न्हाय. पर कुणाला बोलू नगंस. सुई वाया गेली म्हण."

मला राग आला. आमच्या दवाखान्याच्या अब्रूचा प्रश्न होता. एवढा नामी गुण आला आणि बोलायचं नाही?

"का म्हणून?"

"कंबर बरी झाल्याली कळली, तर पोरीला कोण सोडंल?" चाचा कातडं चाचपत म्हणाले. "आठ दिसांत एक शुक्रवार तर येतोया."

मी गुपित राखलं. चाचा मात्र नट म्हणून अगदीच कच्चे. कधी कमरेऐवजी गुडघा धरून कण्हत, कधी चौकापर्यंत तरातरा येऊन मग आठवण झाल्यावर वाकत.

एका गुरुवारी जैनब दवाखान्यात आली.

"भाऊ, अब्बांची कंबर बरी झालीया न्हवं?"

"छे! अजून पुष्कळ दुखते," मी इमानानं म्हणालो.

ती हसली. "तुमास्नी खोटं जमत न्हाय. आधी हात लावला की अंग चोरायचे. आता शेक घेता घेता घोरत्यात."

"मग त्यांना बोलत का नाहीस?"

"बोलले तर उद्यापासनं येऊ कशी?" तिचं हसू गेलं. "सासूला संशय आलाय. ती बाहीर उभी हाय, तुमास्नीच इचारणार हाय. शेक बंद करायचा की न्हाय, ते तुमी म्हणाल तसं."

साहेब व्हिजिटला गेले होते. म्हातारी आत आली, बाकावर टेकली आणि माझ्याकडे रोखून पाहू लागली. "खरं सांगा. हिच्या बापाचं दुखणं बरं हुणार हाय का न्हाय?"

औषधाच्या बाबतीत मी त्या दिवसापर्यंत जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो, आणि मघाचं एक तर जमलंही नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "हे दुखणं सुईनं जाणारं नाही. दर शुक्रवारी शेक लागेल. माणूस आहे तोवर."

मी खोटं बोललो, असं मला आजही वाटत नाही.