सय्यदभाईंची फुंकणी

सय्यदभाईंच्या तावडीतून न फुंकता कोणी सुटलं नाही. माणूस दारात दिसला की प्लास्टिकची नळी त्याच्या तोंडाशी.

"कावून श्वास फुकट सोडता बे? फुका हिच्यात!"

सय्यदभाई आमच्या सहकारी साखर कारखान्याचे केमिस्ट. मी वजनकाट्यावर, उसाच्या गाड्या मोजायला. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. ऊस जळाला, गाळप बंद. तोडणीच्या टोळ्या दुसऱ्या मुलखात गेल्या. मी काट्यावर माशा मारायचो आणि सय्यदभाई प्रयोगशाळेत शोध लावायचे.

बरणीत खायच्या सोड्याचं पाणी, त्यात कथलाची पट्टी, वायरी ट्रॅक्टरच्या बॅटरीला. आपण सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडला वीज लावून ते फॉर्मिक आम्ल करणार होते.

"लाल मुंगी चावल्यावर आग हुती ना, तेच आम्ल! चामडं कमवायला लागतंय. लई मागणी हाय."

शिपाई तंबाखू खाऊन आला की आधी चूळ भरायला लावत. "माल साफ पायजे." एकदा संचालकांची बैठक संपली तर हे नळी घेऊन दारात. "चेअरमनसाहेब, भाषणातलं काही उरलं आसंल तर हिच्यात सोडा." साहेबांनी गाल फुगवून फुंकलं. माझी हजेरी रोजचीच. फुंकून झालं की चहा, मग गप्पा.

महिनाभरानं त्यांनी बरणीतलं पाणी जांभळ्या परमँगनेटमध्ये टाकून तापवलं. रंग उडाला. म्हणजे आम्ल तयार झालं, जमलं! सय्यदभाईंनी मला उचललंच.

पुढच्या आठवड्यात ते डोळे दाखवायला अंबाजोगाईला गेले. जाताना बरणीवर लक्ष ठेवायला सांगून गेले. मी टेबलामागं वाकलो, तर तिथं गॅसचा भला मोठा सिलेंडर. त्यावर ठळक अक्षरांत 'कार्बन डायऑक्साइड'. त्याची नळी बरणीत गेलेली. आमची फुंकायची नळी शेजारच्या बाटलीत, आणि बाटलीत नुसतं पाणी.

ते परतले तसा मी फणकाऱ्यानं विचारलं, "गॅस सिलेंडरचा, मग आमचे गाल कशाला दुखवले?"

सय्यदभाई ओशाळले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"बेगम गेल्यापून क्वार्टरमधी दुसऱ्या कुणाचा श्वास आयकू येत न्हाई, भाऊ."

मी खुर्ची ओढली आणि बसलो.