देवमाशाच्या पोटातलं वाण

समुद्रातल्या सस्तन प्राण्यांवर प्लास्टिकचा काय परिणाम होतो, हा विषय विद्युल्लताने विज्ञान प्रदर्शनासाठी निवडला, तेव्हा मुख्याध्यापक बळवंतरावांनी भिंतीवरच्या नकाशात आधी धार शोधलं आणि मग समुद्र. मधल्या अंतरावर बोट फिरवून ते म्हणाले, "त्यापेक्षा नर्मदेतली मगर घ्या ना. ती निदान आपल्या बाजूची आहे."

मगर सस्तन नाही, असं विद्युल्लताने सांगितलं. यात मगरीचा काय दोष, ते बळवंतरावांच्या लक्षात आलं नाही, पण त्यांनी परवानगी दिली. एक आठवणही करून दिली. शिक्षण खात्याचे अधिकारी प्रदर्शन बघायला येणार होते, आणि विद्युल्लताला शाळेत कायम करायचं की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

धारच्या त्या मुलींच्या शाळेत शिकवणं हिंदीतून चाले. वर्गातल्या एकाही मुलीने समुद्र पाहिलेला नव्हता. विद्युल्लतानेही नव्हता, पण तिने त्याबद्दल एका इंग्रजी मासिकात नीट वाचलं होतं. देवमासा हा मासा नाही, तो हवेत श्वास घेतो, मादी पिल्लाला दूध पाजते, हे तिने फळ्यावर आकृती काढून सांगितलं. पुढच्या बाकावरच्या जयवंतीने हात वर केला.

"मैडम, पानी में दूध पतला नहीं हो जाता?"

धारच्या मुलीला दुधाविषयी हीच शंका पहिली येणार. त्याचं उत्तर देण्यात अर्धा तास गेला. उरलेल्या वेळात तिने सांगितलं, की पाण्यात तरंगणारी पिशवी काही प्राण्यांना खाद्य वाटते, पिशव्यांनी पोट भरतं, आणि मग भरल्या पोटी उपासमार होते.

देवमासा छान झाला. टोपल्या विणणाऱ्याने बांबूचा सांगाडा दिला, मुलींनी त्यावर रद्दी आणि खळ चढवून काळा रंग दिला. कुशीत एक खिडकी ठेवली, म्हणजे आतलं प्लास्टिक बघणाऱ्याला दिसेल. ती मादी आहे हे कळावं म्हणून शेजारी एक पिल्लूही केलं.

पंचाईत झाली ती कचऱ्याची. मुलींना रस्त्यावरचं प्लास्टिक गोळा करायला पाठवलं, तर त्या एक मोडका कंगवा आणि चपलेचा एक पट्टा घेऊन परत आल्या. १९८४ सालच्या धारमध्ये प्लास्टिक कोणी फेकत नसे. पिशवी मिळाली की ती धुऊन, उलटी करून दोरीवर वाळत घालायची आणि गादीखाली जपून ठेवायची, अशी घरोघरी रीत होती. प्रदूषण दाखवायचं, पण प्रदूषणच उपलब्ध नव्हतं.

ते विद्युल्लताच्या घरी निघालं. तिच्या आईने, म्हणजे माईंनी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायचं वाण म्हणून इंदूरहून कोऱ्या प्लास्टिकच्या वस्तू आणल्या होत्या: साबणदाण्या, गाळण्या, वाट्या आणि फुलाफुलांच्या पिशव्या. हळदीकुंकू रथसप्तमीला होतं, प्रदर्शन त्याच्या आदल्या आठवड्यात. माईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. पण मुलीच्या नोकरीचा प्रश्न होता. एकही ओरखडा येणार नाही, या अटीवर माल देवमाशाच्या पोटात गेला. दोन निळ्या वाट्या पालथ्या लावून डोळे केले.

मग अधिकाऱ्यांनी दौरा पुढे ढकलला, तो नेमका रथसप्तमीवर.

विद्युल्लताने हिशेब मांडून आईला पटवलं. साहेब बाराला येणार, तासाभरात जाणार, बायका यायच्या चारनंतर. पण साहेबांची जीप वाटेतल्या तिरला गावी अडकली. तीन वाजले तरी पत्ता नव्हता. मालाच्या काळजीने माईंनी घराला कुलूप घातलं आणि जरीकाठी नेसून, कुंकवाचा करंडा घेऊनच त्या शाळेत आल्या. देवमाशाजवळ खुर्ची टाकून बसल्या. "साहेब गेले की ताबडतोब घेऊन निघते," त्या म्हणाल्या. तेवढ्यात फाटकाशी जीप वाजली आणि विद्युल्लता साहेबांच्या स्वागताला ऑफिसकडे धावली.

ऑफिसात चहा लांबला. इकडे शेजारच्या कुसुमावती चार-पाच जणींना घेऊन शाळेत शिरल्या.

"माई, घराला कुलूप तुमच्या. आम्ही म्हटलं, यंदा इकडेच करून राहिल्या की काय."

दारी आलेल्या सवाष्णीला रिकाम्या हाताने परत पाठवायचं, हे माईंना शक्य नव्हतं. दार शाळेचं असलं म्हणून काय झालं? त्यांनी करंडा उघडला. एकेकीला हळदीकुंकू लावायचं, खिडकीतून हात घालायचा, वाण काढून द्यायचं. ते पाहून प्रदर्शनाला आलेल्या मुलींच्या आयाही रांगेत उभ्या राहिल्या. मराठी नसलेल्याही राहिल्या. एकीने विचारलं, "भेनजी, ये मच्छी कौन से देवता की है?" माईंनी सांगितलं, की मुलगी म्हणते ती मासा नाही, लेकुरवाळी आहे. आणि लेकुरवाळी म्हटल्यावर राहून जायला नको, म्हणून देवमाशाच्या कपाळालाही कुंकू लावलं.

विद्युल्लता साहेबांना आणि त्यांच्या पत्नीला घेऊन आली, तेव्हा कुसुमावती खांद्यापर्यंत देवमाशात होत्या. त्यांनी शेवटची गाळणी बाहेर काढली.

विद्युल्लताने पाठ केलेलं सगळं सांगितलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. साहेबांनी खिडकीतून वाकून पाहिलं.

"लेकिन इसका पेट तो खाली है."

बळवंतरावांनी छताकडे पाहिलं. जयवंती पुढे झाली.

"सर, अभी-अभी खाली किया. इन सब आंटियों ने. अब ये बच जाएगी."

साहेबांनी हातात साबणदाण्या घेतलेल्या बायकांच्या रांगेकडे पाहिलं आणि ते पहिल्यांदाच हसले. समस्या तर सगळ्याच शाळा दाखवतात, ते म्हणाले, समाजाला हाताशी धरून उपाय इथेच पाहिला. खऱ्या देवमाशाचं पोट असं रिकामं करता येत नाही, हे सांगायला विद्युल्लताने तोंड उघडलं. बळवंतरावांना मोठा खोकला आला.

शेरा उत्तम मिळाला. साहेबांच्या पत्नी मात्र हलेनात. त्यांनी रांग पाहिली होती. माईंनी त्यांना कुंकू लावलं, खिडकीत हात घातला, आत चाचपलं, आणि शांतपणे देवमाशाचा डावा डोळा उपटून त्यांच्या हातात दिला.

विद्युल्लता जूनमध्ये कायम झाली. पहिल्याच तासाला जयवंतीने हात वर केला. आईने विचारायला सांगितलं होतं, की यंदा देवमासा कधी आहे.

"और मैडम, मम्मी कह रही थी, इस बार पेट में स्टील का रखना."