आतल्या थराचे सदूभाऊ

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सदूभाऊंच्या गमती सांगता सांगता मी ती हळूच गाळून टाकीन. आजवर तेच करत आलो आहे.

जोह्यात आमचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्तींच्या अंगाचा रंग सदूभाऊ देत. रोज कासूहून येत. आल्यावर नमस्कार-चमत्कार काही नाही. समोरच्याचा हात धरायचा, मागची कातडी चिमटीत घेऊन वर ओढायची, सोडायची आणि ती किती लवकर बसते ते बघायचं. "आतला थर शाबूत हाय," असा निकाल मिळाला की माणूस मोकळा. माझ्या सासऱ्यांची कातडी सावकाश बसली, तेव्हा पाणी कमी पिता आणि वयही खोटं सांगता, असं त्यांना ऐकवलं. सासऱ्यांनी दोन्ही नाकारलं, पण तांब्याभर पाणी प्याले.

वरची कातडी म्हणजे नुसता पापुद्रा, रोज झडणारा. खरा संसार खालच्या थरात, असं सदूभाऊंचं म्हणणं. घामाच्या ग्रंथी तिथे, केसांची मुळं तिथे, ऊन-थंडी कळवणाऱ्या नसा तिथे. शाळेच्या पुस्तकातली त्वचेची आकृती त्यांनी रंगाच्या फळीवर चिकटवली होती. कुणी डास मारला की म्हणत, "वरच्या थरात रक्तच नाय. ते डासाला कळतं, तुम्हाला कळत नाय." आमच्या साचेवाल्या दिनूने दंडावर एका मुलीचं नाव गोंदवलं होतं आणि लग्न केलं दुसरीशी. शाई आतल्या थरात बसली आहे, वरचे पापुद्रे कितीही झडोत, नाव जायचं नाही, तेव्हा बायकोला आजच सांगून टाक, असा सल्ला त्याला मिळाला.

कामातही तेच. अंगाचा रंग मारण्याआधी मूर्तीच्या कानाच्या पाळ्यांवर, तळव्यांवर, बोटांच्या टोकांवर ते पातळ तांबूस रंगाचा हात फिरवत. वर नेहमीचा रंग चढला की खालचं जवळजवळ दिसतही नसे. वेळ जातो म्हणून मी कुरकुरायचो. पण दुसऱ्या कारखान्यातली मूर्ती शेजारी ठेवली की आमचा गणपती नुकताच जेवून उठल्यासारखा वाटायचा.

एकदा श्रावणात रोह्याचं एक जोडपं मंडळाच्या मोठ्या मूर्तीसाठी आलं. बाईंच्या हातावर चटक्याचा जुना डाग होता. सदूभाऊंनी ब्रश खाली ठेवला आणि थेट त्या डागावर बोट टेकवून विचारलं, "इथं लावलेलं कळतं का?"

बाई गांगरल्या. नवरा भडकला. न विचारता हात लावला हे चुकलंच, पण हा माणूस विक्षिप्त आहे, वाईट नाही, एवढं मी म्हणायला हवं होतं. मला ते ठाऊक होतं. पण ऑर्डर मोठी होती. सगळ्या कारागिरांसमोर मी म्हणालो, "सदूभाऊ, बाईमाणसाला असं चाचपायची रीत तुमच्या घरी असेल, इथे नाही."

त्यांनी ब्रश धुतला, नीट पुसला, जेवणाचा डबा उचलला आणि निघून गेले. ऑर्डर आम्हालाच मिळाली.

आठ दिवस ते आले नाहीत. मूर्ती पांढऱ्याफटक उभ्या. शेवटी मी कासूला गेलो. खरं सांगायचं तर माफीसाठी नाही, रंगासाठी.

पडवीत त्यांची बायको बसली होती. तिचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भाजल्याने ओढलेला, चकचकीत. तिने डोळे मिटले होते आणि सदूभाऊ खारीच्या केसांचा बारीक ब्रश त्या हातावरून फिरवत होते.

"आता?"

"व्हय."

"आन् इथं?"

"व्हय. थोडं."

मला पाहून ते उठले आणि पाणी आणायला आत गेले. मग वहिनींनीच सांगितलं. लग्नानंतर दोनच वर्षांनी सदूभाऊंनी थिनरचा डबा स्टोव्हजवळ ठेवला होता, त्याचा भडका उडाला. आतला थरसुद्धा जळाला. त्या हाताला घाम येत नाही, तेलकटपणा नाही. म्हणून ते दोन वेळा खोबरेल चोळतात, उन्हाळ्यात ओलं फडकं ठेवतात. कुणाकुणाला पुढे थोडं कळायला लागतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून भाजल्याचा डाग दिसला की सदूभाऊ त्या माणसाला विचारतात.

"आणि तुम्हाला आता कळतं?" मी विचारलं.

वहिनींनी आत नजर टाकली. आवाज हळू करून म्हणाल्या, "नाय ओ. वीस वर्षांत कायबी नाय. पण मी व्हय म्हणते. नाय म्हटलं तर त्या दिवशी ते जेवत नाय."

सदूभाऊंनी आणलेलं पाणी पिऊन मी निघालो. सदूभाऊ रस्त्यापर्यंत पोचवायला आले. तिथे मी हात जोडले, तर त्यांनी ते खाली केले.

"इथं नको. हिला मी काय सांगितलेलं नाय. तुम्ही जिथं बोललात तिथं बोला."

दुसऱ्या दिवशी ते आले. मी रोह्याला फोन करून त्या जोडप्यालाही बोलावलं होतं. नवरा आला नाही, बाई आल्या. न विचारता हात लावल्याबद्दल सदूभाऊंनी आधी त्यांची क्षमा मागितली. बाई म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ."

मग सगळे कारागीर माझ्याकडे बघू लागले. कासूहून परतताना पाठ केलेलं भाषण मला आठवेना.

"सदूभाऊंच्या घराबद्दल मी बोललो ते खोटं होतं," मी म्हणालो. "आणि बोलतानाच ते खोटं आहे हे मला माहीत होतं. ऑर्डर जाऊ नये म्हणून मी बोललो. सदूभाऊ, मला माफ करा."