उत्तम कामगार, सहा किलो

माझ्या दंडाला कमी लेखू नका! अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी प्रेसचा दांडा ओढलाय. म्हणून नात अस्मिता म्हणाली, “आजी, प्रोजेक्टला एक म्हातारा दंड पाहिजे,” तेव्हा मी पदर खोचूनच उभी राहिले.

अस्मिता इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माणूस स्वतः जोर लावतोय आणि त्याच वेळी स्नायूला बारीक करंट दिला, तर एकूण जोर किती, याचं गणित तिने कॉम्प्युटरवर मांडलं होतं.

“दोघांची बेरीज होत नाही, आजी. जे तंतू तू आधीच कामाला लावलेस, त्यांना करंट परत काय लावणार? एकूण जोर बेरजेपेक्षा कमीच भरतो.”

“म्हणजे मी हंडा उचललाय, आणि तुझी आई येऊन माझाच हात धरते, तसं!”

“अगदी तसंच!”

रिपोर्ट उद्या द्यायचा होता आणि सही बाकी होती. म्हणून तिच्या नीलिमा मॅडम बेलवलीला आमच्या घरीच आल्या. माझं मनगट टेबलाला अडकवलेल्या वजनकाट्याच्या हुकाला बांधलं, दंडावर चिकटपट्ट्या लावल्या. आधी नुसता करंट. दंडात मुंग्यांची जत्रा भरली! आकडा आला चार किलो.

“आता करंट बंद. तुमचा पूर्ण जोर लावा, आजी,” म्हणत मॅडमनी पर्समधून स्टॉपवॉच काढलं.

सहा किलो.

“वयाच्या मानाने ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या, घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि चहाचा कप उचलला. “आता दोन्ही एकदम.”

वयाच्या मानाने? मी असा हिसका दिला की टेबल पुढे सरकलं, मॅडमचा चहा मॅडमच्याच मांडीवर! आकडा सतरा!

“अस्मिता! चार आणि सहा मिळून सतरा! अगं, हा नवीन शोध आहे!” भाजलेली मांडी विसरून मॅडमनी मोठ्या सरांना फोन लावला. सर उल्हासनगरात राहतात. अर्ध्या तासात रिक्षातून हजर!

“परत करून दाखवा,” सर म्हणाले आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं. मॅडमच्या घड्याळाच्या दुप्पट मोठं!

दोन्ही मिळून आकडा आला आठ.

“मघाशी सतरा, आता आठ? यंत्र तरी खोटं आहे, नाहीतर गणित. सही होणार नाही.”

अस्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं वर्ष माझ्या दंडावर लटकलेलं! मग मात्र मला राहवेना.

“साहेब, यंत्र खरं आहे. खोटी मी आहे. तेवढं घड्याळ आत टाका.”

“घड्याळाचा काय संबंध?”

“आमच्या खात्यात घड्याळवाला साहेब यायचा. त्याच्यासमोर जोरात काम केलं की दुसऱ्या दिवशी टार्गेट वाढायचं. म्हणून ते घड्याळ दिसलं की आम्ही बाया हात सैल सोडायचो. मी काय मुद्दाम करते का? हात आपोआप ढिला पडतो!”

सर दोन मिनिटं हसत होते. मग घड्याळ त्यांनी चपलांच्या रॅकवर ठेवलं. माझा एकटीचा जोर, सोळा. करंटसकट, सतरा! सोळा आणि चारची बेरीज वीस, आणि भरले सतरा. अस्मिताच्या गणितात बरोबर तेवढेच होते. सही झाली. नवा शोध मात्र चहाबरोबर सांडला.

जाताना सरांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. रिटायर होताना कारखान्याने मला दिलेलं. खालची अक्षरं त्यांनी मोठ्याने वाचली, “उत्तम कामगार,” आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मी कप विसळायला आत पळाले.

सकाळी बघते तर त्या अक्षरांखाली अस्मिताने कागदाची पट्टी चिकटवलेली. ‘सहा किलोपर्यंत.’

साठाव्या वर्षी विहाराच्या वर्गात मी वाचायला शिकले. उगाच शिकले!