पालकसभेत सिद्ध झालेलं माझं मेटल

साकोली तालुक्यात, एकोडीच्या पुढे, आमचं चिंधूजी स्मृती विद्यालय आहे. या विद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. हे विधान वेळापत्रकाच्या आधारे केलेलं आहे, विद्यार्थ्यांच्या आधारे नाही.

गेल्या प्रजासत्ताकदिनी झेंडावंदन आटोपल्यावर संस्थेचे अध्यक्ष तेजरामभाऊ भाषणाला उभे राहिले. भाऊ नुकतेच नागपूरला नेतृत्व विकास शिबिर करून आले होते. तिथे कानावर पडलेलं सगळं गावाला देऊन मोकळं व्हावं, अशी त्यांना तळमळ होती. ते म्हणाले, "यंदा ज्या शिक्षणसेवकांना परमनंट व्हायचं असेल, त्यांनी पालकसभेत आपलं मेटल प्रूव्ह करावं!"

टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात मी वाजवल्या. इंग्रजीच्या शिक्षकानं इंग्रजी वाक्याला टाळ्या वाजवल्या नाहीत, तर लोकांना संशय येतो.

परमनंट व्हायचे आम्ही तिघं होतो. गणिताचा अंकुश, विज्ञानाच्या हर्षा मॅडम आणि मी, धनंजय कापगते, एम. ए. इंग्रजी. मुख्याध्यापक भय्याजी बोरकरांनी आम्हाला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, "कापगते, भाऊ बोलले ते म्हणजे नेमकं का करा लागते जी?"

मला माहीत नव्हतं. पण माहीत नसणं ही माझ्या विषयात नवीन गोष्ट नव्हती, त्यामुळे मी डगमगलो नाही. म्हणालो, "सोपं आहे सर. मेटल म्हणजे धातू. प्रूव्ह म्हणजे सिद्ध करणे. प्रत्येकानं आपापला धातू सिद्ध करायचा."

"धातू?" हर्षा मॅडम म्हणाल्या. "काहून पण? धातूचा न नोकरीचा का संबंध?"

"मॅडम, आपण भंडारा जिल्ह्यात राहतो. पितळेची भांडी ही आपली ओळख आहे. नवीन धोरणात स्थानिक संदर्भाला फार महत्त्व आहे."

नवीन धोरण म्हटलं की आमच्या खात्यात प्रश्न संपतात. हर्षा मॅडमचाही संपला.

खात्री करून घ्यावी म्हणून बोरकर सरांनी अध्यक्षांना फोन लावला आणि कोणता धातू अपेक्षित आहे, असं विचारलं. पलीकडून भाऊंनी प्रश्न दोनदा पुन्हा विचारायला लावला. मग भाऊ म्हणाले, "हे का विचारणं झालं सर? पितळच न! भंडाऱ्याचे हाओत आपण."

माझा अर्थ अशा रीतीनं अधिकृत झाला. दुसऱ्याच दिवशी 'धातू सिद्धी समिती' स्थापन झाली. विषयाची जाण असल्यामुळे मी तिचा सचिव झालो. भांडं घासावं, तोलावं आणि टिचकी मारून आवाज ऐकावा, अशी त्रिस्तरीय पद्धत मी ठरवली. सरावासाठी नववीच्या इंग्रजीच्या तासाला मुलं चिंच आणि राख घेऊन बसू लागली. निकालाची काळजी असलेल्या एका पालकानं तक्रार केली, तेव्हा त्याला कार्यानुभवाचे गुण समजावून सांगण्यात आले. घटक चाचणीत मी एक प्रश्नही घातला: 'तुमच्या वर्गशिक्षकांचा धातू ओळखा व कारणे द्या.' मुलांनी उत्तरं चांगली लिहिली. इंग्रजीच्या पेपरात मराठीतून लिहिली, पण मुद्देसूद होती.

अंकुशनं सासुरवाडीहून दोघांनी उचलावं लागेल असं घंगाळ आणलं. मी घरी आईचा पाण्याचा पितळी गुंड रिकामा करायला घेतला.

"गुंड कायले नेऊन राहिला रे?" आईनं विचारलं.

"आई, नोकरीचा प्रश्न आहे."

"तुयी नोकरी शिकवाची हाय का भांड्याची?"

हा प्रश्न प्रशासकीय स्वरूपाचा असल्यामुळे तो विचाराधीन ठेवून मी गुंड उचलला.

सभेच्या आदल्या दिवशी हर्षा मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं आणि मोबाईल पुढे धरला. "सर, हे पाहा. उच्चार तोच, पण स्पेलिंग वेगळं. यात दोन टी हायेत न शेवटी एल-ई. याचा अर्थ अंगातला दम. प्रूव्ह करणे म्हणजे आपल्यात का आहे ते कामातून दाखवणे."

खरं सांगायचं तर मोबाईलवर माझा विश्वास बसला नाही. मी शब्दकोश शोधला. तो माझ्याच कपाटात, ग्रंथालयातून माझ्याच नावावर घेतलेला, सीलबंद होता. त्यातही तेच लिहिलं होतं.

त्या क्षणी मला काय झालं कोण जाणे, मी प्रामाणिक झालो. थेट बोरकर सरांकडे गेलो आणि अर्थ चुकल्याचं सांगितलं.

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता दम दाखवा लागन?"

"हो सर. पालकांसमोर. वर्ग घेऊन."

"कापगते," तिथेच घंगाळ पुसत बसलेला अंकुश म्हणाला, "तू आता डिक्शनरी नको उघडू बाप्पा. आमालेही पोटं हायेत."

तरी मी अध्यक्षांकडे गेलो. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर," ते म्हणाले, "तुमचा अर्थ खरा मानला त उद्या लोक मलेही म्हणतीन, भाऊ, तुमी दाखवा. मंग? पितळ बरं हाय. घासलं का चमकते. पण तुमची एवढी इच्छा हाय त एक करू. बाकीच्यांचं भांडं पाहू. तुमी मात्र वर्ग घेऊन दाखवा. तुमचा गुंड चालणार नाही."

परमनंट होण्यासाठी ज्याला शिकवून दाखवावं लागलं, असा शाळेतला मी पहिला शिक्षक ठरलो.

सभेला मंडप भरला होता. अंकुशच्या घंगाळाला टिचकी मारली, आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. परमनंट. हर्षा मॅडमनी लखलखीत समई काढली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "सर, मी अर्थ सांगतला होता. आग्रह नव्हता धरला." परमनंट.

मग मी फळ्यापाशी गेलो. तीन वर्षं मी मुलांना उत्तरं लिहून दिली होती. वाक्य स्वतः करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी मोठ्या अक्षरांत तोच वाक्प्रचार लिहिला, अर्थ सांगितला आणि म्हणालो, "याचा वाक्यात उपयोग असा करतात."

आणि थांबलो. 'आय' लिहिलं. पुढे 'अॅम' की 'हॅव', यावर खडू अडला. मी 'अॅम' लिहिलं, पुसलं, 'हॅव' लिहिलं, तेही पुसलं. शेवटी वाक्यात फक्त 'आय' उरला. मुलं सवयीनं वह्या उघडून मी सांगायची वाट पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी मेटल प्रूव्ह करत होतो, आणि ते खरोखरच प्रूव्ह होत होतं.

तेवढ्यात पालकांच्या पहिल्या रांगेतून रुखमाबाई म्हणाल्या, "सर, ते राहू द्या न जी. तुमचं भांडं नाही आणलं का?"

"हो, भांडं दाखवा!" मागून दहा आवाज आले. बोरकर सर उठले आणि त्यांनी ऑफिसातून माझा गुंड स्वतः आणला. अध्यक्षांनी जनभावनेचा आदर केला. टिचकी बसली. टण्ण!

टाळ्या थांबेनात. मी परमनंट झालो. फळा कोणी पुसलाही नाही.

आता हे वाचून तुम्ही मला हसत असाल. हसा, माझी हरकत नाही. पण त्या मंडपात तुम्हीही होता, आणि मी मंचावरून सगळं पाहत होतो. मी खडू घेऊन अडखळलो, तेव्हा तुम्ही जांभई देत होता. गुंड वाजला, तेव्हा तुम्ही मोबाईल वर धरलात. व्हिडिओ छान आला आहे. 'अशा शिक्षकांची गरज आहे' असं खाली लिहून तो ग्रुपवर टाकलात, त्याबद्दल आभार. तुमची मुलगी जूनपासून माझ्याच वर्गात आहे.